लाल चिठ्ठीचा रॅक आणि माझा मणका

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जो भेटतो तो विचारतो, "परब, ते हाडाचं सलाईन तुम्ही घेतलंत म्हणे. घ्यावं का?" एकेकाला सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून आता एकदाच लिहून देतो, कट्ट्याच्या अंकात छापा आणि मला सोडा. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनेने बघितलंय, पण मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही. डॉक्टरकी शिकवायला मी बसलेलो नाही. मला काय झालं, मी कुठे अडलो आणि कसा सुटलो, एवढंच लिहिलंय.

सिलिंडर

गॅसवाला सिलिंडर दारात ठेवून गेला. मुलगा विकास कामावर होता. सून सुजाता आतून ओरडली, "बाबा, हात लावू नका हां. हे आल्यावर घेतील आत."

मला कोणी 'नका' म्हटलं की माझ्या अंगात येतं. सिलिंडर उचलला. उंबरा ओलांडताना पाठीत काहीतरी बसलं. तुटल्यासारखं नाही, कळ आली असंही नाही. भिंतीतली एक वीट खाली दबावी तसं काहीतरी आत बसलं. तरी सिलिंडर मी सोडला नाही. स्वयंपाकघरात नेला, जागेवर ठेवला, मगच खाली बसलो. सुजाता हे अजून लोकांना सांगते. कौतुकाने नाही.

माझी बायको काशी पलंगावर बसली होती. तिचे डोळे काचबिंदूने गेले, आता फक्त उजेड-काळोख कळतो. ती म्हणाली, "काय झाला?"

"काय नाय गो."

"तुमच्या श्वासान सांगल्यान माका."

मी म्हटलं, उसण भरली असेल. तेल लावलं, शेकलं, बाम चोळला. पण खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करायला लागायची. शेवटी विकास एक दिवस रजा टाकून घरी राहिला आणि मला विचारलंसुद्धा नाही, खाली रिक्षाच आणून उभी केली. रिक्षा खड्ड्यातून गेली की मी त्याचा हात असा आवळायचो की त्याच्या मनगटावर वळ उठले.

मायनस

पालिकेच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाल्या, "काका, मणका चेपलाय."

"सिलिंडरने."

"सिलिंडर निमित्त. हाडं आतून पोकळ झालीत. आज सिलिंडर होता, उद्या पिण्याच्या पाण्याची बादली असती."

मग हाडांची घनता मोजायच्या मशीनवर झोपवलं. कागद आला. त्यात आकड्याच्या आधी आडवी रेघ. मी विचारलं, "ही रेघ कसली?"

"मायनस."

"म्हणजे मी शून्याच्यापण खाली?"

मॅडम हसल्या, पण नीट समजावलं. मला दमा. तरुणपणी गिरणीत कापसाची धूळ, नंतर नोकरी प्रयोगाच्या उंदरांच्या खोलीत. धुळीने झाला की उंदरांनी, देव जाणे. दम लागला की नाक्यावरचे डॉक्टर छोट्या पांढऱ्या गोळ्या द्यायचे. घेतल्या की तासाभरात मोकळं वाटायचं, म्हणून पुढे मी न विचारताच आणून घ्यायचो. त्याच गोळ्यांनी वर्षानुवर्षं हाडं खाल्ली.

मी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, पण हा बायांचा आजार ना?"

"पुरुषांनाही होतो, काका. ते फक्त सांगत नाहीत."

हे खरं. कट्ट्यावर मी पहिला महिनाभर स्लिप डिस्क झालीय असंच सांगत होतो. आज खरं सांगतो. स्लिप डिस्क नव्हती.

वॉर्ड

दुखणं आवरेना म्हणून दाखल केलं. वॉर्डात माणूस लवकर लहान होतो. धुणं-पुसणं, लघवीचं भांडं, सगळं दुसऱ्याच्या हातात. पहिल्या दिवशी मी मावशीला भांडं देऊ दिलं नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, लाजताय कशाला? मी काय बघायला आलीय? मला बारा जणांचं करायचंय, पटकन आटपा." त्यानंतर लाज गेली. त्या बाईने जाताना रोज माझ्या गुडघ्यांखाली एक घडी केलेली चादर सरकवून दिली. तेवढ्याने पाठ अर्धी शांत व्हायची. औषधांची नावं मी विसरलो, ती चादर नाही विसरलो.

सोडायच्या आदल्या दिवशी मॅडम आल्या. "काका, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व चालू करतोय. आणि हाडं टिकवायचं एक औषध आहे, वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं. नाही घेतलं तर दुसरा मणका जाईल, नाहीतर खुबा. खुबा गेला की मग उठणं कठीण."

मी म्हटलं, "ते औषध मला माहीत आहे. मी घेणार नाही."

सुजाता डबा घेऊन आली होती. तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

मला काय माहीत होतं

गिरणी गेल्यावर मी औषधं शोधणाऱ्या एका संस्थेत लागलो. ती आता नाही. तिथे प्राण्यांची खोली होती, आम्ही नुसतं 'खोली' म्हणायचो. पिंजरे झाडायचे, दाणा-पाणी द्यायचं, भुसा बदलायचा, वजन करून सांगायचं. मी आणि कांबळे, दोघांनी तिथे आयुष्य काढलं.

त्यातली काही वर्षं हाडांच्या औषधाचं काम चाललं. सगळ्या उंदरिणी. ऑपरेशन करून त्यांची अंडाशयं काढायचे, म्हणजे म्हाताऱ्या बाईसारखी त्यांची हाडं झिजायची. मग औषध. रॅकवर चिठ्ठ्या होत्या: पांढरी, निळी, लाल. माझ्याकडे लाल. मी हात आधी चोळून गरम करायचो, मगच उचलायचो. गार हात लागला की त्या दचकायच्या.

काम संपलं की त्यांना मारायचे आणि मांडीची हाडं काढायचे. लाल चिठ्ठीची हाडं मी ओल्या कापडात गुंडाळून मशीनवर न्यायचो. आधी एक्स-रेचा फोटो. फोटोत ती अशी पांढरी शुभ्र दिसायची की कोणीही म्हणेल, काय भरलेलं हाड आहे! मग दोन टेकूंवर हाड आडवं ठेवायचे आणि मधोमध वरून दाब. आणि ते भरलेलं हाड वाकायचंसुद्धा नाही. टक्. खडूसारखं.

हे मी डोळ्यांनी बघितलेलं. एक-दोनदा नाही. म्हणून मॅडमना म्हटलं, "त्या औषधाने हाड जाड होतं, मजबूत होत नाही. खडू होतो. मला माझ्या पाठीचा खडू करायचा नाही."

मॅडम म्हणाल्या, "काका, उंदीर आणि माणूस..." पण तेवढ्यात त्यांना दुसरीकडून हाक आली आणि त्या गेल्या. माझं ठरलेलं होतं. घरी आलो.

घरात

घरी आल्यावर कळलं की माझ्या पाठीबरोबर आणखी काय मोडलंय.

काशीचे डोळे गेले तेव्हापासून ती माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून चालते. हात धरलेला तिला आवडत नाही. म्हणते, हात धरला की ओढून नेल्यासारखं वाटतं. खांद्यावर हात असला की मी वळलो, थांबलो, पायरी आली, सगळं तिला कळतं. असे आम्ही बुधवारी आणि रविवारी मासळी बाजारात जायचो. आमच्या भांडुपच्या बाजारातल्या कोळणी तिला घाबरतात. ती मासा हातात घेते, पोटाला अंगठा लावते, कल्ला उघडून आत बोट फिरवते आणि परत टाकते. एकदा एक कोळीण म्हणाली, "आजी, डोलं नाय तं एवढं नखरं, डोलं असतं तं काय केलं असतंस गो?" काशी म्हणाली, "डोळे आसते तर तुझ्याकडे कशाक इले असते?" दोघी हसल्या. आठवड्यातलं हे तिचं एवढंच बाहेर जाणं. देऊळ नाही, हळदीकुंकू नाही, बाजार.

आता माझ्या कमरेला पट्टा, हातात काठी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी घसरलो तर ती माझ्यासकट खाली. विकासने सांगून टाकलं, "बाबा बरे होईपर्यंत आईने उतरायचं नाही." सुजाता मोबाइलवरून मासे मागवायला लागली. कापलेले, धुतलेले, पिशवीत गार. काशीने एक तुकडा हातात घेऊन बघितला. "ह्यो कधी मेलो?"

"आई, आज सकाळचाच आहे, त्यावर लिहिलंय."

"लिवलेला तू वाच. माका हात सांगता."

जेवली मात्र गुपचूप. मला हेच सोसवेना. तक्रार करणारी बाई, तक्रार बंद केली तिने. बुधवार आला की सकाळी वेणी घालायची आणि पलंगावर बसून राहायची. मी म्हणायचो, "विकास नेईल तुला." ती म्हणायची, "माका काय नको."

सुजाताचा एक दिवस बांध फुटला. भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडे बघत नव्हती. "बाबा, सगळ्यांनी समजावलं. तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं, ठीक आहे. पण उद्या तुमचा खुबा गेला तर तुमचं मी करीन. आईंचं काय? त्यांना तुमचाच खांदा लागतो. माझा नाही चालत. मी विचारून बघितलंय."

मी म्हटलं, "खडू झालेला खांदा तिला काय कामाचा?"

काशी आत होती. तिथून म्हणाली, "तुमी पडल्यात तर मी हात खंय ठेवतलंय, ता सांगा आधी."

मी रागावून जेवलो नाही. म्हाताऱ्या माणसाला उत्तर नसलं की तो जेवत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल.

कांबळे

नाहूरला राहणारा कांबळे, माझ्याबरोबरचा तो, बघायला आला. साताऱ्याकडचा. आवाज असा की खालच्या मजल्यावर कळतं कोण आलंय. सुजातानेच फोन करून बोलावला असणार, दोघं अजून कबूल करत नाहीत.

"काय रे परब, ऐकलं तू डॉक्टर झालास?"

"बस. चहा घे आणि गप्प राहा."

"औषध का घेत नाहीस?"

"तू विचारतोस? तू होतास ना तिथे? हाडं विसरलास? टक् टक् तुटायची."

"कुठल्या रॅकची?"

"लाल."

"आणि निळ्याची?"

"निळ्याचं मला काय माहीत? निळा तुझा होता."

कांबळेने कप खाली ठेवला. "हां. आता बोल."

इथे मला तुम्हाला एक सांगायला हवं. खोलीत आमचा एक नियम होता. साहेबांचा नाही, आम्हा झाडणाऱ्यांचा. डबा उघडला की रॅकचं नाव काढायचं नाही. आपण ज्यांना हाताने भरवलं, त्यांना दोन दिवसांनी मारणार, हे जेवताना कोण बोलणार? माझ्या आधीचे म्हातारे पाळायचे, आम्ही पाळला. आणि वास, रोग इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून एकाच्या रॅककडे दुसऱ्याने जायचं नाही, हा साहेबांचा नियम. त्यामुळे इतकी वर्षं एकाच बाकावर बसून मी कांबळेला निळ्यांचं काय झालं ते विचारलं नाही आणि त्याने मला लालचं.

तो म्हणाला, "अरे येड्या, लाल म्हणजे भरमसाट डोस. मुद्दाम. किती दिलं की बिघडतं हे बघायला. माणसाच्या मापाचा डोस माझ्या निळ्यांना. त्यांची हाडं मी न्यायचो मशीनवर. पांढऱ्या चिठ्ठीवाल्याही माझ्याकडेच, त्यांना औषधच नाही, त्यांची पटकन जायची. निळ्यांची टिकायची. दाब वाढवत जायला लागायचा. मशीन चालवणाऱ्या बाई म्हणायच्या, बघ कांबळे, तुझ्या पोरी कशा लढतायत."

"तू खोटं बोलतोस."

"मी कधी खोटं बोललोय तुझ्याशी?"

"माझ्या डब्यातली सुरमय खाऊन नाही म्हणायचास."

"सुरमयचं वेगळं. हे हाडाचं आहे."

काशी पलंगावरून हसली. पट्टा बांधल्यापासून पहिल्यांदा मी तिचं हसू ऐकलं. कांबळे तिच्याकडे वळला. "वहिनी, हा मनुष्य आयुष्यभर एकाच रॅकसमोर उभा राहिला आणि म्हणतो मी सगळी खोली बघितली."

मला राग आला. खूप आला. पण तो गेल्यावर मी बसून आठवत राहिलो. लाल चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात एक आकडा असायचा. तो मी रोज बघितलेला. त्याचा अर्थ कोणाला विचारला नाही. आपलं काम झाडायचं, असं मानत होतो.

परत मॅडमकडे

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःहून गेलो. म्हटलं, "मॅडम, मला लाल द्यायचं की निळं?"

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. बाहेर रांग होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही बघितलंत ते खोटं नाही. हाड दाट होणं वेगळं आणि मजबूत होणं वेगळं. फार जास्त औषध, फार जास्त वर्षं, तर हाड कडक होऊन मोडू शकतं, क्वचित माणसातही. म्हणून आम्ही मोजून देतो. काही वर्षं द्यायचं, मग थांबून बघायचं. आणि मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तर अंगावर काढायचं नाही, लगेच यायचं. दातांचं काही करायचं असेल तर आधी करून घ्या."

"दात रात्री वाटीत असतात. त्यांना काय करायचं?"

"मग एक काळजी कमी. आणि दम्याच्या त्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, बंदही मनाने करायच्या नाहीत. आमच्याकडे या."

कोणीतरी मला येडा न म्हणता उत्तर दिलं. तेवढंच हवं होतं मला.

सलाईन

मूत्रपिंडाची तपासणी झाली, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि एका सकाळी सुई टोचली. काशी बरोबर आलीच. विकास नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही. विकासने एका बाजूने, कांबळेने दुसऱ्या बाजूने धरून तिला खाली उतरवलं. ती माझ्या मोकळ्या हाताशी स्टुलावर बसली. बाटलीतलं थेंब थेंब पडत होतं. भीती वाटत होती, लपवत नाही. डोळे मिटले की ते टक् ऐकू यायचं.

काशीने विचारलं, "दुखता?"

"नाय."

"मगे हात इतको गार कसो?" आणि तिने माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला. सलाईन संपेपर्यंत चोळत होती.

दुसऱ्या दिवशी ताप. अंग असं ठणकलं की केसही दुखतायत वाटावं. मॅडमनी आधी सांगितलं होतं, पहिल्या वेळी होतं, तापाची गोळी घ्या, जाईल. तरी मी कांबळेला फोन लावला. "तुझ्या निळ्यांना ताप यायचा का रे?"

तो म्हणाला, "आपण कुठे कधी विचारलं त्यांना?"

दोन दिवसांत ताप उतरला. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. माझ्या पाठीत आज जे टिकलंय त्यात त्या बिचाऱ्या उंदरिणींचा वाटा आहे, निळ्यांचा आणि माझ्या लालवाल्यांचाही. त्यांनी मोडून दाखवलं म्हणून माझा डोस मोजून मिळाला. कुठल्या देवाला हे सांगायचं कळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

सध्या

वर्षाने परत मशीनवर झोपलो. रेघ अजून आहे, पण आकडा थोडा वर सरकलाय. दुसरं सलाईनही झालं, या वेळी ताप नाही आला. पाठ थोडी वाकलीय ती वाकलेलीच राहणार. सिलिंडरला हात लावत नाही. सकाळी उन्हात बसतो, रुग्णालयातल्या व्यायामवाल्याने शिकवलेले व्यायाम करतो, घरातली सुटी पायपुसणी सुजाताने काढून टाकलीत. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारा, लाजू नका. माझ्यासारखं अर्ध्या माहितीवर अडून बसू नका. तुमचं हाड, तुमचा डोस वेगळा असेल.

आणि बुधवार-रविवार परत सुरू झालेत. विकास अजून कुरकुरतो. मॅडमनी परवानगी दिली, तेव्हा काशी समोर बसली होती, म्हणून त्याला गप्प राहावं लागलं.

परवाचं सांगतो आणि थांबतो. बाजारातून येत होतो. पिशवी माझ्या हातात, काशीचा हात खांद्यावर. वरच्या वळणावर कोणीतरी जिना धुतला होता. माझा पाय सरकला. मी कठडा धरला, तरी पायरीवर जोरात बसलो, पाठीला दणका बसला. काशीचा हात सुटला, पण ती भिंतीला टेकली, पडली नाही.

मी हललो नाही. आत काही बसलंय का, याची वाट बघत होतो.

"हलू नका," ती म्हणाली. चाचपत माझ्या मागे आली, वरच्या पायरीवर बसली, पट्ट्याच्या वरून सदऱ्यात हात घातला आणि मानेपासून खाली एकेक मणका बोटाने दाबत गेली. घाई नाही. मध्ये एका जागी थांबली, ती जुनी जागा. परत खाली. वरून कोणीतरी "काय झालं आजी?" म्हणालं, तिचं बोट पुढच्या मणक्यावर गेलं.

"दुखता?"

"नाय."

"खरा सांगा."

"नाय गो, खराच नाय."

तिने सदरा नीट केला. "सगळे आसत," म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून आधी स्वतः उठली.

"उठा आता. बांगडे खराब होतले."